तोर्दा ते देव्हा : युनिटेरियन ख्रिस्ती मताचा एक अध्याय

युनिटेरियन हे नाव मराठी वाचकाच्या कानावर येते ते बहुधा दोन चरित्रांच्या निमित्ताने. राजा राममोहन राय यांच्या चरित्रात कलकत्त्याच्या युनिटेरियन कमिटीचा उल्लेख येतो, आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्रात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजचा. दोन्ही ठिकाणी चरित्रकाराला पुढे जाण्याची घाई असते; म्हणून 'एकच देव मानणारा एक उदार ख्रिस्ती पंथ' एवढ्या ओळखीवर काम भागविले जाते. ही ओळख खोटी नव्हे. पण तिच्यामुळे एक गैरसमज मात्र रूढ झाला आहे. तो असा की, हा पंथ म्हणजे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज-अमेरिकन सुशिक्षितांनी आपल्या सोयीसाठी काढलेली ख्रिस्ती धर्माची एक सौम्य आवृत्ती होय. वस्तुतः या मताची आजतागायत टिकून राहिलेली पहिली धर्मसंस्था उभी राहिली ती लंडनला नव्हे, बोस्टनलाही नव्हे, तर तुर्की सुलतानाच्या मांडलिक असलेल्या एका डोंगराळ राज्यात, सोळाव्या शतकात. आणि तिचा संस्थापक किल्ल्यावरील तुरुंगात मेला. त्याला तेथे धाडण्याच्या कामी पुढाकार घेणारा मनुष्य कॅथलिक नव्हता की कॅल्व्हिनपंथीही नव्हता. तो त्याचाच जुना सहकारी होता. हे असे का घडले याचा विचार केल्यावाचून या पंथाचे मर्म हाती लागत नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्या प्रकरणाजवळ अधिक थांबणार आहो, आणि पुढील इतिहास केवळ त्याच्या अनुषंगाने पाहणार आहो.

आरंभी त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन देव नव्हेत. देव एकच आहे, परंतु त्या एका देवतत्त्वात तीन व्यक्ती आहेत आणि त्या तिन्ही समान, अनादी व एकसत्त्व आहेत, असे हा सिद्धान्त सांगतो. आपल्याकडे कोणी कोणी याची ब्रह्मा-विष्णु-महेश या त्रिमूर्तीशी सांगड घालतात. ती दिशाभूल करणारी आहे. त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती व लय अशी कामांची वाटणी आहे. त्रैक्यात तशी वाटणी हा मुद्दाच नव्हे. तेथे प्रश्न आहे तो नाझरेथच्या येशूचा. ज्याची आपण प्रार्थना करतो आणि ज्याच्याकडून तारणाची अपेक्षा धरतो, तो स्वतः परमेश्वर आहे की परमेश्वराने निर्माण केलेला कोणी श्रेष्ठ पुरुष आहे? चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या आरियसने दुसरे उत्तर दिले. पुत्र हा सर्व सृष्टीच्या आधी निर्माण झाला, तथापि तो निर्मितच आहे, असे त्याचे म्हणणे. कॉन्स्टंटाइन बादशहाने इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरविलेल्या परिषदेने आरियसचा निषेध केला आणि पुत्र हा पित्याशी 'होमोऊसिओस' म्हणजे एकसत्त्व आहे असे ठरविले. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याचेही स्थान निश्चित केले. पुढे बाराशे वर्षे या निर्णयामागे राजदंड उभा राहिला. मात्र 'होमोऊसिओस' हा शब्द बायबलात कोठेही नाही. ज्या दिवशी कोणी बायबलाखेरीज दुसरे प्रमाण मानावयाचे नाही असे म्हणेल, त्या दिवशी या शब्दाची झडती होणार हे ठरलेलेच होते.

तो दिवस सोळाव्या शतकात उजाडला, आणि त्याचा आरंभ पाठचिकित्सेने झाला हे विद्याव्यासंगी वाचकांना विशेष वाटेल. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द व पवित्र आत्मा हे तिघे असून ते एकच आहेत, अशा अर्थाचे एक वचन लॅटिन बायबलात वाचले जात असे. त्रैक्याला आधार म्हणून याहून स्पष्ट वचन दुसरे नव्हते. परंतु इरॅस्मसने १५१६ साली नव्या कराराची मूळ ग्रीक संहिता छापली, तेव्हा त्याला ग्रीक हस्तलिखितांत ते आढळले नाही, म्हणून त्याने ते गाळले. १५१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही ते नव्हते. फार ओरड झाली, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला ते घालावे लागले. आज ते प्रक्षिप्त आहे याविषयी पंडितांत वाद उरलेला नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पैठणास ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली. क्षेपक ओवी काढणे हे भक्तीचेच काम आहे हे मराठी माणसाला त्यांच्यामुळे सहज पटते. युरोपात मात्र एक वचन गाळल्याने सबंध धर्मशास्त्राची वीट निखळेल अशी भीती होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

स्पेनच्या मायकेल सर्व्हीटसने १५३१ साली, ऐन विशीत, त्रैक्याच्या सिद्धान्तातील प्रमादांवर पुस्तक लिहिले. हा पुढे वैद्य झाला. रक्त हृदयातून फुप्फुसात जाऊन परत येते हे पाश्चात्त्य देशांत प्रथम छापून सांगणारा तोच, आणि तेही एका धर्मग्रंथात. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हा येथे, कॅल्व्हिनच्या संमतीने, त्याला जिवंत जाळण्यात आले. युनिटेरियन ग्रंथकार त्याला आपला आद्य हुतात्मा म्हणतात. तो मान त्याला अवश्य द्यावा. पण त्याचे मत निखळ युनिटेरियन नव्हते, कारण ख्रिस्ताचे देवत्व तो आपल्या रीतीने मानीतच होता. त्याच्या मृत्यूचा परिणाम मात्र त्याच्या मतापेक्षा मोठा झाला. बाझेलहून सेबास्टियन कॅस्टेलिओने, पाखंडी मतासाठी कोणाला ठार मारण्याचा अधिकार राज्यसत्तेला आहे काय, हा प्रश्न उघडपणे विचारला. आणि जिनिव्हेत आश्रयास आलेल्या इटालियन सुशिक्षितांपैकी कित्येकांनी आपला मुक्काम पूर्वेकडे, पोलंड व ट्रान्सिल्व्हानिया या देशांत हलविला. त्यांत साल्युत्सोचा वैद्य जॉर्जो ब्यांद्राता हा एक होता.

ट्रान्सिल्व्हानिया हे हंगेरीच्या राज्याचे पूर्वेकडील अंग. १५२६ मध्ये तुर्कांशी झालेल्या मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा कामी आला, १५४१ मध्ये तुर्कांनी बुडा घेतले, आणि राज्याचे तीन तुकडे झाले. पश्चिमेचा तुकडा हाब्सबर्गांकडे, मधला तुर्कांकडे, आणि पूर्वेचा डोंगराळ भाग सुलतानाला खंडणी देऊन आपला कारभार आपण पाहणारा, असा हा बनाव होता. तेथील राजसभेत मॅग्यार सरदार, सेकेली आणि जर्मन सॅक्सन अशी तीन 'राष्ट्रे' बसत. सॅक्सन लूथरचे अनुयायी झाले, मॅग्यार बहुतांशी कॅल्व्हिनचे, आणि काही घराणी कॅथलिकच राहिली. कोणत्याही एका पंथाने दुसऱ्याला चिरडावे एवढे बळ कोणातच नव्हते, पोपचा हात पोहोचत नव्हता, आणि आपसांत भांडण जुंपले तर तुर्क व हाब्सबर्ग दोघेही टपलेले होते. तेथील धर्मसहिष्णुतेचे मूळ या राजकीय अडचणीत आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण अडचण तर अनेक देशांना होती. तिच्यातून कायदा काढण्याची बुद्धी फार थोड्यांना झाली.

फेरेंत्स दाविद हा कोलोझ्वारचा, म्हणजे आजच्या रुमानियातील क्लूज शहराचा. बाप सॅक्सन, धंद्याने चांभार. मुलगा विटेनबर्गला शिकला, कॅथलिक म्हणून परतला, मग लूथरपंथी झाला आणि त्या पंथाचा प्रमुख धर्माधिकारी बनला. नंतर कॅल्व्हिनच्या मताकडे वळला आणि तेथेही प्रमुख झाला. त्याच्या विरोधकांनी यावरून त्याला चंचल म्हटले आहे. आम्हांस तसे वाटत नाही. शास्त्रवचनाखेरीज प्रमाण नाही हे एकच सूत्र त्याने सर्वत्र लावले, आणि त्या सूत्राच्या वाटेवर जो मुक्काम आधारहीन दिसला तो सोडला, इतकेच. १५६३ मध्ये ब्यांद्राता राजवैद्य म्हणून ट्रान्सिल्व्हानियात आला, तेव्हापासून दोघांचा स्नेह जमला आणि १५६६ च्या सुमारास दाविदच्या प्रवचनांतून त्रैक्यावर उघड टीका होऊ लागली. तरुण राजा जानोस झिग्मोंद याचे मनही तिकडे वळले. युनिटेरियन मताचा असा राजा जगाच्या इतिहासात हा एकच.

मार्च १५६८ मध्ये ग्युलाफेहेर्वार येथे राजासमोर वादसभा भरली. ती दहा दिवस चालली, पहाटे पाच वाजता कामाला आरंभ होई, भाषा लॅटिन. प्रतिपक्षाचा पुढारी पेतेर मेलियुस हा कॅल्व्हिनपंथाचा मोठा पंडित होता. दाविद कोलोझ्वारला परतला तेव्हा वेशीजवळच्या एका वाटोळ्या शिळेवर उभा राहून त्याने असे प्रवचन केले की, सारे शहर एका दिवसात त्याच्या मताचे झाले, अशी आख्यायिका आहे आणि ती शिळा आजही तेथील युनिटेरियन मंदिरात दाखवितात. एका दिवसात शहरे पालटत नाहीत; पण पुढील वर्षी, ऑक्टोबर १५६९ मध्ये, नाज्वारादची वादसभा लॅटिनऐवजी हंगेरियन भाषेत झाली, यावरून प्रश्न पंडितांच्या हातून लोकांत गेला होता एवढे निश्चित. त्याच सुमारास दाविद व ब्यांद्राता यांनी मिळून एक लॅटिन ग्रंथ छापला. त्यात ठिकठिकाणच्या देवळांतील त्रैक्याची चित्रे उपहासाने काढून दाखविली होती. दत्तात्रेयाची मूर्ती नित्य पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांना एका धडावरील तीन मुखांत काही खटकत नाही. परंतु प्रतिपक्षाला त्या चित्रांनी तर्कापेक्षाही अधिक घायाळ केले. वादात जिंकलेल्या पक्षाने हा मोह आवरता तर बरे झाले असते.

या वादसभांच्या आधीच, जानेवारी १५६८ मध्ये, तोर्दा गावी राजसभेने सुप्रसिद्ध ठराव केला होता. त्याचा आशय असा. प्रत्येक उपदेशकाने शुभवर्तमान आपापल्या समजुतीप्रमाणे सांगावे. गावाला ते मानवले तर ठीक. न मानवले तर कोणी कोणावर सक्ती करू नये, कारण सक्तीने कोणाच्याही जिवाचे समाधान होत नाही. गावाला रुचेल तो उपदेशक गावाने ठेवावा. शिकवणुकीसाठी कोणालाही कैद करण्याची वा पदच्युत करण्याची धमकी देऊ नये, कारण श्रद्धा ही देवाची देणगी आहे आणि ती श्रवणातून उपजते. आलादार क्योरोश्फोई-क्रीश या चित्रकाराने १८९६ साली या प्रसंगाचे भव्य चित्र काढले. त्यात दाविद बाहू उभारून बोलतो आहे आणि त्याच्यावर प्रकाश पडला आहे. चित्र सुंदर आहे, परंतु त्यामुळे ठरावाच्या मर्यादा झाकल्या जाऊ नयेत. सवलत ख्रिस्ती उपदेशकांना होती. त्या देशातील शेतकरीवर्गात बहुसंख्य असलेले रुमानियन लोक ऑर्थोडॉक्स पंथाचे होते. राजसभेतील तीन राष्ट्रांत त्यांची गणना नव्हती आणि पुढे ज्या चार पंथांना 'मान्यताप्राप्त' म्हटले गेले त्यांतही त्यांचा पंथ नव्हता. तथापि काळाचे भान ठेवून पाहावे. गोव्यात इन्क्विझिशन स्थापन होऊन त्या वेळी आठ वर्षे झाली होती. फ्रान्समधील सेंट बार्थॉलोम्यूच्या कत्तलीला चार वर्षे अवकाश होता. अशा काळात श्रद्धेचा निर्णय राजाकडे नसून गावाकडे आहे असे एका राजसभेने लिहून ठेवावे, ही गोष्ट लहान नव्हे.

१५७१ च्या आरंभी मारोशवाशारहेय येथील राजसभेने हा नवा पंथ मान्य केला. दोन-तीन महिनेही गेले नाहीत तोच राजा जानोस झिग्मोंद निवर्तला. वय अवघे तीस. त्याच्यामागून गादीवर आलेला इश्तवान बाथोरी कॅथलिक होता. त्याने आधीचे कायदे मोडले नाहीत. तो धोरणी पुरुष होता. त्याने छापखान्यांवर देखरेख बसविली, आणि १५७२ मध्ये तोर्दाच्याच राजसभेत एक छोटा कायदा संमत करून घेतला. त्याचे तात्पर्य हे की, जानोस झिग्मोंदच्या वेळी ज्या पंथाची जी मते होती ती तशीच राहोत. परंतु यापुढे कोणी धर्मात नवे काही काढील तर तो शिक्षेस पात्र होईल. दिसायला हा कायदा संरक्षणाचा होता. चार पंथांना त्याने अभय दिले. मात्र ते अभय त्यांच्या त्या दिवशीच्या रूपाला होते. ज्या पंथाचे सारे जीवितच शोधावर आधारलेले, त्याला शोध थांबविण्याच्या अटीवर जगू दिले गेले.

दाविद थांबला नाही. येशू मनुष्य आहे, देवाने पाठविलेला आहे, पण देव नाही, हे एकदा सिद्ध झाल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला : मग त्याची प्रार्थना करावी काय? दाविदचे उत्तर नकारार्थी होते. येशूने स्वतः पित्याची प्रार्थना केली आणि शिष्यांनाही पित्याचीच प्रार्थना शिकविली; मनुष्याचा धावा करावयाचा तर कॅथलिक लोक मरियेचा व संतांचा धावा करतात त्याला तरी दोष का द्यावा? ब्यांद्राता घाबरला. नवे राजे कॅथलिक, जेझुइट नुकतेच देशात येऊ लागलेले, आणि नावीन्याचा कायदा डोक्यावर टांगलेला. त्याने १५७८ मध्ये बाझेलहून फाउस्तो सोत्सीनी या आपल्या विद्वान देशबंधूला बोलावून घेतले आणि दाविदच्याच घरी उतरविले. मित्राने मित्राला समजवावे, हा हेतू. पुढे पोलंडात या सोत्सीनीच्याच नावाने सोसिनियन पंथ प्रसिद्धीस आला. त्याचे म्हणणे सूक्ष्म होते. ख्रिस्त स्वभावतः मनुष्यच आहे. परंतु पुनरुत्थानानंतर देवाने त्याला सर्व सत्ता दिली, आणि ज्याला सत्ता दिली त्याची उपासना देवाला मान्यच आहे. सुभेदाराला मुजरा केल्याने बादशहाचा अपमान होत नाही, असा काहीसा हा युक्तिवाद.

ज्ञानोबा-तुकारामांचे नाव विठ्ठलाच्या नावाला जोडूनच घेणाऱ्या आणि संतांच्या पादुका पालखीत मिरविणाऱ्या आपल्या समाजाला, एवढ्या भेदावरून माणूस तुरुंगात जावा याचे नवल वाटेल. पण ख्रिस्ती धर्मात उपासना आणि आदर यांच्यामध्ये जी भिंत आहे ती आपल्याकडे नाही. त्या भिंतीच्या कोणत्या बाजूला येशूला ठेवावयाचे, यावर माणूस ख्रिस्ती आहे की यहुदी हे ठरत असे. दाविदने येशूला भिंतीच्या अलीकडे आणले, आणि त्याबरोबर त्याचे शत्रू त्याला यहुदी म्हणू लागले. सिद्धान्ताच्या दृष्टीने पाहता दोघांत अधिक सुसंगत दाविदच होता, असे आमचे मत आहे. सोत्सीनीने देव आणि मनुष्य यांच्यामध्ये उपास्य मनुष्य अशी एक तिसरी पायरी बसविली. आणि ती पायरी आरियसच्या पुत्रापासून फार दूर नव्हती.

संवाद निष्फळ झाला. १५७९ च्या वसंतात दाविदने व्यासपीठावरून आपले मत पुन्हा सांगितले आणि त्याला नजरकैदेत ठेवण्यात आले. त्याच्यावरील आरोपाची मांडणी ब्यांद्राताने केली. जूनमध्ये ग्युलाफेहेर्वारला खटला झाला तेव्हा दाविद आजाराने इतका खंगला होता की, त्याला धड उभेही राहवेना. ज्या नगरात अकरा वर्षांपूर्वी त्याने दहा दिवसांचा वाद केला होता, तेथेच नावीन्याच्या गुन्ह्यासाठी त्याला जन्मठेप झाली. देव्हाच्या किल्ल्यावर १५ नोव्हेंबर १५७९ रोजी तो मरण पावला. (त्याच शरद ऋतूत, तीनच आठवडे आधी, फादर थॉमस स्टीफन्स गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले होते. ज्या त्रैक्याच्या नाकारामुळे युरोपचे एक टोक पेटले होते, ते त्रैक्य मानणारा धर्म मराठी ओवीत सांगण्याचे काम या इंग्रज जेझुइटाकडून 'ख्रिस्तपुराणा'च्या रूपाने १६१६ साली सिद्धीस गेले.)

ब्यांद्राताला युनिटेरियन इतिहासकारांनी विश्वासघातकी ठरविले आहे. व्यक्तीच्या दृष्टीने तो निर्णय न्याय्यच होय. परंतु पंथाच्या दृष्टीने प्रश्न इतका सोपा नाही. दाविदच्या मागून ब्यांद्राताने पंथाकडून ख्रिस्ताच्या उपासनेची कबुली घेतली आणि कायद्याच्या कक्षेत तो सुरक्षित राहील असे केले. १६३८ मध्ये देश येथील करारान्वये ही बंधने आणखी आवळली गेली. १७१६ मध्ये कोलोझ्वारचे थोरले देऊळ त्यांच्याकडून काढून कॅथलिकांना देण्यात आले. तरी पंथ जगला. 'युनिटेरियन' हे नावही त्याच देशातील, इ. स. १६०० च्या सुमारास राजसभेच्या कागदांत प्रथम आढळणारे. याउलट पोलंडचे चित्र पाहावे. तेथे राकूव गावी विद्यापीठ होते, छापखाना होता, १६०५ मध्ये निघालेली प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तिका सबंध युरोपात वाचली जात होती. सोत्सीनीच्या या अनुयायांची बुद्धी ट्रान्सिल्व्हानियाच्या बांधवांहून तल्लख होती. पण १६३८ मध्ये विद्यापीठ मोडले आणि १६५८ मध्ये पोलंडच्या राजसभेने त्यांना हद्दपारीची आज्ञा केली. काही कुटुंबे कोलोझ्वारलाच येऊन राहिली. पोलंडमधील विचार ग्रंथरूपाने हॉलंड-इंग्लंडकडे गेला, संस्था मात्र जेथे नमते घेतले तेथेच टिकली. दाविदचा बळी देऊन ब्यांद्राताने दाविदचा पंथ वाचविला, असे म्हणावे तर ते क्रूर वाटते. म्हणू नये तर इतिहास अपुरा राहतो.

इंग्लंडमधील हकीकत येथे थोडक्यात सांगतो. १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्यातून त्रैक्य न मानणाऱ्यांना मुद्दाम वगळले होते. १६९७ मध्ये टॉमस एकनहेड या विद्यार्थ्याला एडिंबरोत फाशी झाली. थिऑफिलस लिंडसेने अँग्लिकन चर्चची चाकरी सोडून १७७४ मध्ये लंडनच्या एसेक्स स्ट्रीटवर उघडपणे युनिटेरियन उपासना सुरू केली. प्राणवायूच्या शोधासाठी प्रसिद्ध असलेला जोसेफ प्रीस्टली हा याच मताचा उपदेशक. १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या जमावाने त्याचे घर व प्रयोगशाळा जाळली आणि तीन वर्षांनी तो अमेरिकेस गेला. त्रैक्य नाकारणे हा गुन्हा न राहण्यास १८१३ साल उजाडावे लागले. इंग्रज युनिटेरियनांना आपल्या ट्रान्सिल्व्हानियातील बांधवांचा नीटसा पत्ताही नव्हता; १८२१ मध्ये त्यांनी लॅटिन भाषेत एक पुस्तिका छापून पाठविली, तेव्हा अडीचशे वर्षांची ही दोन टोके एकमेकांस मिळाली.

अमेरिकेत मात्र दाविदचे प्रकरण पुन्हा एकदा, रक्त न सांडता, घडले. विल्यम एलरी चॅनिंगने ५ मे १८१९ रोजी बाल्टिमोरला दिलेल्या प्रवचनात युनिटेरियन ख्रिस्ती मताची पद्धतशीर मांडणी केली. बायबल इतर ग्रंथांप्रमाणेच बुद्धीने वाचावे. देव एक आणि पित्यासारखा न्यायी व दयाळू आहे. मनुष्य जन्मतःच पतित आहे ही कॅल्व्हिनची शिकवण देवाच्या चारित्र्याला कलंक लावणारी आहे. येथे वादाचा रोख बदललेला दिसेल. सोळाव्या शतकात प्रश्न होता देव किती. आता प्रश्न झाला देव कसा, आणि पर्यायाने मनुष्य कसा. पण येशूचे चमत्कार आणि त्याचा देवदत्त अधिकार चॅनिंग मानीत होता. १८३८ मध्ये एमर्सनने हार्वर्डच्या धर्मविद्यालयात जाऊन, अधिकार चमत्कारांत नसून प्रत्येकाच्या आत्म्यात आहे, असे सांगितले. तेव्हा त्याच्यावर सर्वांत प्रखर हल्ला चढविणारा अँड्र्यूज नॉर्टन हा युनिटेरियनच होता. थिओडोर पार्करला तर बोस्टनच्या बहुतेक युनिटेरियन उपदेशकांनी आपली व्यासपीठे बंद केली. पन्नास वर्षांनी इंग्लंडात जेम्स मार्टिनोने धर्मातील प्रामाण्याचे स्थान ग्रंथाकडून सद्सद्विवेकाकडे नेले, तेव्हा कोठे एमर्सनचे मत पंथाच्या घरात प्रतिष्ठित झाले. अमेरिकेतील संस्था तर १९६१ मध्ये युनिव्हर्सलिस्ट पंथाशी एकरूप झाली आणि तिच्या सभासदाला ख्रिस्ती असण्याचेही बंधन उरले नाही. पहिल्या मुक्कामी शास्त्राने सिद्धान्त खोडला, दुसऱ्या मुक्कामी बुद्धीने चमत्कार खोडला. प्रत्येक मुक्कामावर आधी पोहोचलेल्यांनी पुढे निघालेल्यांना नावीन्याचा दोष दिला.

हिंदुस्थानात हे मत आले ते एका शब्दयोगी अव्ययाच्या वादातून, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. १८२० मध्ये राममोहन राय यांनी येशूच्या नीतिवचनांचा संग्रह, चमत्कार व सिद्धान्त बाजूस ठेवून, प्रसिद्ध केला आणि श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांशी त्यांचा वाद जुंपला. त्याच सुमारास ते, विल्यम येट्स आणि विल्यम ॲडम हे तिघे शुभवर्तमानांचे बंगाली भाषांतर सुधारीत होते. योहानाच्या पहिल्याच अध्यायात, सर्व काही 'त्याच्या योगे' निर्माण झाले असे वचन आहे. मूळ ग्रीक अव्यय 'दिआ'. त्याचा अर्थ कर्ता घ्यावा की साधन? मराठीत बोलायचे तर 'त्याने केले' की 'त्याच्या द्वारे झाले'? पहिल्या अर्थाने शब्द हा स्वतः निर्माता ठरतो, दुसऱ्याने देवाचे साधन. येट्स पहिल्या बाजूस गेला व भाषांतरातून निघाला; राममोहन व ॲडम दुसऱ्या बाजूस राहिले. १८२१ मध्ये ॲडमने आपण युनिटेरियन झाल्याचे जाहीर केले, तेव्हा कलकत्त्याच्या थट्टेखोरांनी त्याला 'दुसरा पतित आदम' ही पदवी दिली. भाषांतरकाराच्या टेबलावर धर्म पालटल्याचे असे उदाहरण विरळाच. त्याच वर्षी युनिटेरियन कमिटी स्थापन झाली. पुढे बॅप्टिस्ट मिशनच्या छापखान्याने राममोहनांचे उत्तर छापण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी स्वतःचा छापखाना काढून १८२३ मध्ये ते छापले. कमिटीचे काम फार चालले नाही. १८२८ मध्ये ब्राह्मसमाज निघाला, त्याचे मूळ उपनिषदांत होते, शुभवर्तमानात नव्हते.

राममोहन १८३३ मध्ये ब्रिस्टल येथे निवर्तले, तेव्हा तेथील युनिटेरियन मंदिरात त्यांच्यासंबंधी स्मृतिप्रवचन करणारे उपदेशक लँट कार्पेंटर हे होत. त्यांची कन्या मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये हिंदुस्थानात आल्या. आणि त्यांचे नातू जे. एस्टलिन कार्पेंटर हे मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्मशास्त्राचे अध्यापक झाले. त्यांच्यापाशी १९०१ ते १९०३ या काळात जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे शिकले. शिष्यवृत्ती युनिटेरियन मंडळाची होती आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्यही त्यांस लाभले. हे कॉलेज मूळचे १७८६ सालचे, मँचेस्टर गावी निघालेले. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्रैक्यासह एकोणचाळीस कलमांवर सही न करणाऱ्यांना बंद होती, म्हणून ते काढावे लागले. आणि १८८९ मध्ये ते ऑक्सफर्डलाच येऊन स्थिरावले. कोणत्याही विशिष्ट सिद्धान्ताची सक्ती न करता धर्मशास्त्र शिकवावयाचे, हा त्याचा मूळ नियम. प्रार्थनासमाजाचा एक तरुण तेथे गेला तो ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, आपल्याच समाजाचा प्रचारक होण्यासाठी. आणि ख्रिस्ती उपदेशक तयार करणाऱ्या त्या विद्यालयाला त्यात काही विपरीत वाटले नाही. येशूची प्रार्थना करावी काय, या प्रश्नासाठी ज्या पंथाच्या संस्थापकाला जन्मठेप झाली, त्या पंथाच्या विद्यालयात तो प्रश्न विद्यार्थ्याला विचारण्याचेच आता कारण उरले नव्हते.

सप्टेंबर १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे उदार धर्मपंथीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे शिंदे यांनी हिंदुस्थानातील उदार धर्म या विषयावर निबंध वाचला आणि मग ते स्वदेशी परतले. रानडे-भांडारकरांच्या प्रार्थनासमाजाने युनिटेरियन हे नाव कधी घेतले नव्हते. त्यांचा एकेश्वर तुकोबांच्या अभंगांतून आलेला होता, आणि शिंद्यांचाही तोच. तीन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, त्यांनी मुंबईस अस्पृश्यवर्गासाठी 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' काढली. एक देव मानणाऱ्याने त्याच्या लेकरांत स्पृश्य-अस्पृश्य कसे मानावे, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. समाजातील पुष्कळांना तत्त्वतः तो मान्य होता, पण व्यवहारात इतक्या लवकर नको होता. १९१० साली प्रचारकपदाशी त्यांचा संबंध सुटला; मिशनचे काम चालू राहिले.